‘कागज के फूल’ : एका अपयशाची थोरवी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात यशाच्या कथा सांगाव्यात, असा आपल्याकडे संकेत आहे. आम्ही मात्र आज एका अपयशाची कथा सांगणार आहोत. १९५९ साली ज्या चित्रपटाकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली, तो गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ हा आमचा विषय आहे.

गुरुदत्त पडुकोण यांचा जन्म १९२५ साली बंगलोरला एका चित्रापूर सारस्वत कुटुंबात झाला. त्यांचे बालपण कलकत्त्यात गेले. घरातली बोली कोकणी, बाहेरची बंगाली. आपल्या मुलखापासून दूर वाढणाऱ्या मुलांचे हे दुहेरी जग आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पुढे अल्मोड्यास उदयशंकर यांच्या संस्थेत नृत्याचे धडे घेऊन १९४४ च्या सुमारास ते पुण्यास ‘प्रभात’मध्ये आले. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांच्या ‘लाखाराणी’साठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले, आणि देव आनंद यांच्याशी त्यांची मैत्री जुळली तीही तेथेच. अशा रीतीने या कलावंताच्या उमेदवारीच्या काळाशी महाराष्ट्राचे नाते आहे.

१९५७ साली ‘प्यासा’ने त्यांना कीर्ती दिली आणि पैसाही दिला. अशा वेळी व्यवहारी मनुष्य त्याच वाटेने आणखी दोन चित्रपट काढून घेता. गुरुदत्तांनी अधिक कठीण वाट धरली. गीता दत्त यांना घेऊन ‘गौरी’ हा बंगाली चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीने काढण्याचा त्यांचा बेत अर्ध्यावर राहिला होता. तो रुंद पडदा त्यांनी आता हिंदी चित्रपटात आणावयाचे ठरवले. ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो.

हे तंत्र साधे नव्हते. चित्रीकरणाच्या वेळी एक विशेष भिंग दृश्याला आडवे आकसून फिल्मवर बसवते, आणि चित्रगृहातील तशाच भिंगाने ते पुन्हा पसरावे लागते. जुन्या चौकटीचे प्रमाण साधारण चारास तीन. या पडद्याची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक. पूर्वी दोन चेहऱ्यांनी भरणारी चौकट आता रिकामी दिसू लागली. तो रिकामेपणा कसा भरावा, हा प्रश्न छायालेखक व्ही. के. मूर्ती आणि कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर यांच्यापुढे होता. त्यांनी तो भरला नाही, हेच त्यांचे मोठेपण! रिकाम्या स्टुडिओची ती विस्तीर्ण पोकळी त्यांनी नायकाच्या एकाकीपणाची भाषा केली. गीता दत्त यांच्या आवाजातील एका गीतात छपरातून प्रकाशाचा जो झोत उतरतो, त्यासाठी मूर्तींनी दोन मोठे आरसे योजून बाहेरचे ऊन आत आणले. विजेच्या दिव्यांनी न साधणारा परिणाम सूर्याकडून साधून घेतला.

या निर्मितीचे खरे ओझे मात्र तंत्राचे नव्हते. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक या तिन्ही भूमिका गुरुदत्तांनी स्वतःकडे घेतल्या होत्या. ठरल्या बरहुकूम चित्रण करून मोकळे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मनाजोगे उतरेपर्यंत ते पुनःपुन्हा चित्रण करीत. आणि कथा होती एका दिग्दर्शकाची. संसार मोडलेला सुरेश सिन्हा शांती नावाच्या मुलीला नटी म्हणून घडवतो. लोकापवादामुळे आणि लेकीच्या दुःखामुळे दोघे दुरावतात. त्याचा चित्रपट पडतो, काम जाते, आणि अखेरीस तो जुन्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीतच प्राण सोडतो. ही कथा कर्त्याच्या आयुष्याच्या फार जवळची आहे, असे अनेकांना वाटले. संगीतकार सचिनदेव बर्मन यांनी हा विषय हाती घेऊ नये म्हणून त्यांना सावध केले होते, असे सांगतात. यानंतर गुरुदत्तांच्या चित्रपटाला बर्मनांचे संगीत लाभले नाही, एवढे खरे.

चित्रपट लागला आणि पडला. प्रेक्षक अरसिक होते, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. दोष चित्रपटातही होते. सासरच्या मंडळींचे चित्रण व्यंगचित्राच्या वळणाचे आहे. जॉनी वॉकर यांचा विनोद मूळ कथेत विरघळत नाही. उत्तरार्धाची गती जड आहे. ‘प्यासा’चा नायक जगाला धिक्कारून निघून जातो, तेव्हा प्रेक्षकाचाही संताप मोकळा होतो. ‘कागज के फूल’चा नायक कोणाशीच झुंजत नाही, तो फक्त विझत जातो. असे विझणे पाहण्यास तिकीट काढून आलेला प्रेक्षक तयार नव्हता. पडद्यावर जे सुरेश सिन्हाच्या चित्रपटाचे झाले, तेच पडद्याबाहेर गुरुदत्तांच्या चित्रपटाचे झाले!

फिल्मफेअरने छायालेखनासाठी मूर्तींचा आणि कलादिग्दर्शनासाठी आचरेकरांचा गौरव केला. हातांच्या कसबाला दाद मिळाली. ज्या मनाने ते कसब कामी लावले, ते मात्र खचले. यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांचे नाव एकाही चित्रपटावर लागले नाही. १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’ एम. सादिक यांच्या नावावर आहे, १९६२ चा ‘साहिब बीबी और गुलाम’ अब्रार अल्वी यांच्या. पहिल्याने उत्तम गल्ला करून संस्थेला सावरले. परंतु दिग्दर्शकाची ती खुर्ची रिकामीच राहिली. १० ऑक्टोबर १९६४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, गुरुदत्त गेले.

कौतुक पुढे आले, आणि उदंड आले. देशोदेशी त्यांच्या चित्रपटांचे महोत्सव झाले. २००४ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. आज चित्रपटाचे विद्यार्थी ‘कागज के फूल’मधील प्रकाशयोजना पाठासारखी अभ्यासतात. काळ न्याय करतो, असे म्हणून आपण येथे समाधान मानू शकलो असतो. परंतु ज्याला त्या न्यायाची गरज होती, तो तेव्हा नव्हता. उशिरा आलेल्या न्यायाने कृती तरते, कर्ता तरत नाही.

मंडळींनो, हे आम्ही येथेच का सांगतो? आपले मंडळ लहान, प्रेक्षक मोजके. गणेशोत्सवात कोणी नवे, अवघड नाटक बसवतो. तालमी रखडतात, पात्रे गळतात, आणि प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकानंतर खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. पुढच्या वर्षी तो गृहस्थ पुन्हा नाटक बसवील की नाही, हे त्या रात्री ठरते. फसलेल्या नाटकाला चांगले म्हणावे, असा आमचा आग्रह नाही; ती कलेशी प्रतारणा होईल. दोष अवश्य सांगावेत, परंतु अखेरपर्यंत बसून, आणि जे साधले तेही त्याच तोंडाने सांगावे. सोपे काम सफाईने करणारा आणि अवघड काम करता करता पडणारा, या दोघांना एकाच मापाने मोजू नये. घरापासून दूर राहणाऱ्या समाजाची संस्कृती पहिल्याने टिकेल. वाढेल ती मात्र दुसऱ्याच्या बळावर.

गेल्या ५० वर्षांत मंडळाने यशस्वी कार्यक्रमांची नोंद जपली आहे. पुढील ५० वर्षांच्या वहीत फसलेल्या पण धाडसी प्रयोगांसाठीही एक पान राखून ठेवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.