गाळातील साक्षीदार



आज मी तुम्हांला चिखलाची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. तळ्याच्या तळाचा चिखल हा हजारो वर्षांचा दप्तरखाना आहे.

तळ्यातल्या दगडावरून आपला पाय घसरतो. तिथल्या तपकिरी, बुळबुळीत थरात डायाटम नावाचे सूक्ष्म शैवाल पुष्कळ असते. त्याचे कवच काचेसारख्या सिलिकेचे आणि झाकणाच्या डबीसारखे असते, म्हणून मराठीत त्याला करंडक वनस्पती असेही म्हणतात. ते मरते, तळाशी बसते आणि गाळाचे थरावर थर साचतात. कोणत्या थरात कोणती कवचे आहेत हे पाहून त्या काळचे पाणी व हवामान कसे होते, याचा अंदाज बांधता येतो.

परंतु कवच टिकतेच असे नाही. सायबेरियातील बैकल हे जगातील सर्वांत खोल सरोवर, खोली १,६४२ मीटर. तेथे शंभर डायाटममागे जेमतेम एकाचेच कवच गाळात टिकून राहते. बाकीची विरघळून जातात. मग त्यांची साक्ष द्यायची कोणी?

ती देतात त्यांच्या शरीरातील स्निग्ध पदार्थ, म्हणजे लिपिड. कपड्यावरचा तेलाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, रॉकेलने सुटतो. त्याच न्यायाने शास्त्रज्ञ गाळ वाळवून योग्य द्रावकाने त्यातील लिपिड बाहेर काढतात आणि यंत्राने एकेक पदार्थ वेगळा करून ओळखतात. यांतील काही मेदाम्ले लवकर नष्ट होतात. स्टेरॉल हे त्यांच्या मानाने चिवट. बराचसा भाग जीवाणू फस्त करतात, पण उरलेला अंश हजारो वर्षांनंतरही बोलतो.

आता खरी मेख ऐका. ब्रासिकास्टेरॉल नावाचे स्टेरॉल सापडले की डायाटम होते, असे पुष्कळदा धरले जाई. पण हाच पदार्थ इतर काही शैवालांतही असतो. फार काय, मोहरीच्या कुळातील तेलबियांतही असतो. त्याचे नावच त्या कुळावरून पडले आहे! ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ जॉन वोल्कमन यांनी १९८६ साली स्टेरॉलांचा सविस्तर आढावा घेऊन, केवळ एका स्टेरॉलवरून उगम ठरवण्यातला धोका दाखवून दिला. म्हणून जाणकार संशोधक एका पदार्थावर निकाल देत नाही. तो दुसरी लिपिडे तपासतो, उरलीसुरली कवचे मोजतो, आणि सर्वांची साक्ष जुळली तरच बोलतो.

पालकहो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. एकदा एक वडील नववीतल्या मुलीचे नाव काढायला शाळेत आले. कारण काय, तर गणितात नापास! त्याच मुलीचे मराठीचे निबंध मी वर्गाला वाचून दाखवीत असे. त्या दिवशी मी त्यांच्यापुढे तिच्या वह्या ठेवल्या. ते बराच वेळ पाने उलटत बसले आणि अर्ज न देताच परत गेले. पुढे ती मॅट्रिक झाली.

गाळाच्या चिमूटभर नमुन्यालाही एका साक्षीवर निकाल नाही. मग आपल्या लेकरांच्या आयुष्याचा निकाल एका गुणपत्रिकेवर का द्यावा?