मोजून घातलेला टाका

धारवाडकडच्या कसुतीत कापडावर रेखाटन नसते. धागे मोजूनच टाका पडतो. इरकली लुगड्यांवरची तुळशीवृंदावने, रथ, हत्ती असेच उमटले. त्यातला ‘मेंथी’ टाका म्हणजे घरोघरी ठाऊक असलेली फुलीच. ही मोजणी चौकटींच्या कागदावर उतरवली की आलेख होतो. भरलेला रुमाल एकदाच विकला जातो, आलेख अनेक घरी जातो. वृंदावन सर्वांचे; पण दुसरीने मांडलेला आलेख उतरवून विकणे ही चोरीच. आणि हिशेब पक्का हवा. इंचाला 14 चौकटींच्या कापडावर 140 टाक्यांची आकृती 10 इंच भरते. येथे चूक झाली, तर गिऱ्हाइकाची महिनाभराची मेहनत वाया जाते. म्हणून विक्रीपूर्वी प्रत्येक आलेख स्वतः भरून पाहावा. दोऱ्यांचे क्रमांकही तेव्हाच लिहून ठेवावेत. स्मरणावर विसंबू नये.