जिन्याखालची बॅटरी

वीज गेली की पंखा फिरता ठेवणारी जी जड पेटी आपल्या जिन्याखाली बसलेली असते, तिची आठवण आपल्याला केव्हा होते? ती दगा देते तेव्हा! मग दुकानदार सांगतो, "साहेब, आयुष्य संपलं तिचं." आपण निमूटपणे हजारो रुपये मोजून नवी आणतो. पण तिचे आयुष्य संपले, की आपण ते संपवले? आज या प्रश्नाचाच थोडा विचार करू.

शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांचा हा घट गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केला. तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. चार्जिंग केले की हीच क्रिया उलटी होते. मोटारीच्या बॅटरीला इंजिन सुरू करण्यापुरताच क्षणभर जोर लावायचा असतो, म्हणून तिच्या प्लेटा पातळ. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला तासन् तास राबायचे असते, म्हणून तिच्या जाड.

आता खरी गोम ऐका. बॅटरी वापरल्याने जेवढी झिजते, त्याहून अधिक ती रिकामी पडून राहिल्याने बिघडते. सल्फेटचे बारीक कण तसेच राहिले तर त्यांचे कठीण खडे बनतात. मग कितीही चार्जिंग करा, ते विरघळत नाहीत. तेवढी प्लेट कायमची वाया गेली म्हणून समजा.

मे महिन्यात आपण गावी निघतो आणि सावधगिरी म्हणून मेन स्विच बंद करतो. इन्व्हर्टर मात्र चालूच! त्याला वाटते, वीज गेली. तो बिचारा बॅटरी रिकामी होईपर्यंत काम करतो आणि पुढे महिनाभर ती उपाशी पडते. तेव्हा जाण्यापूर्वी तिला पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा आणि जाणकाराकडून तिची तार सोडवून घ्या. एरवीही ती निम्म्याखाली शक्यतो उतरू देऊ नका. चार्जिंग थांबवून काही तास विसावलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी सुमारे १२.२.

दुसरी गोष्ट पाण्याची. चार्जिंगमध्ये पाण्याचे विघटन होऊन वायू निघून जातात. आम्ल आतच राहते. म्हणून भरायचे ते केवळ डिस्टिल्ड वॉटर. आम्ल नव्हे आणि नळाचे पाणी तर मुळीच नव्हे, कारण त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. पाणी चार्जिंगनंतर, खुणेपर्यंतच घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील एवढे आधी घालून मगच चार्जिंग करा. सीलबंद बॅटरी मात्र उघडू नये.

तिसरी गोष्ट उष्णतेची. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. शिवाय चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून बंद कपाट नको, आणि देवघरातल्या समईशेजारी तर बॅटरी नकोच नको. पाणी घालताना हातमोजे आणि चष्मा घाला; आम्ल अंगावर उडालेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हे सारे लक्षात कसं राहायचं? दुधाचे खाडे ज्या दिनदर्शिकेवर मांडता, तिच्यावरच महिन्यातून एकदा बॅटरीचे पाणी पाहिल्याची खूण करा. दहा मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने पुष्कळदा पुढच्या वर्षीचा हजारोंचा खर्च आणखी काही वर्षे लांबतो.