मुलांना गिधाडांविषयी सांगताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शिक्षिकेने बोलायचे म्हणजे मुलांचा अभ्यास नि शिस्त यांवर चार शब्द सांगावेत, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज गिधाडांविषयी बोलणार आहे. मंगल दिवशी हा अभद्र पक्षी कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण थोडे ऐकून घ्या.

आठवीच्या मुलांना आम्ही परिसंस्था शिकवतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही साखळी मुले घडाघडा म्हणतात, आणि 'मानवी हस्तक्षेपामुळे निसर्गाचा समतोल ढासळतो' हे वाक्य तर झोपेतही लिहितील. पण हा मानव म्हणजे कोण, असे विचारले की वर्ग चिडीचूप! कुणी कारखानदार, कुणी लाकूडतोड्या, असा कुठला तरी लांबचा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. म्हणून मी गिधाडांची हकीकत घेते. त्या हकीकतीतला माणूस आपल्याच गोठ्यात उभा आहे.

आधी मुलांना घरी पाठवते. मेलेले ढोर पूर्वी कुठे टाकीत आणि पुढे त्याचे काय होई, हे आजीला विचारून या म्हणते. वह्या भरून येतात. सकाळी माळावर टाकलेल्या बैलाचा संध्याकाळी नुसता सांगाडा उरे, दुर्गंधी म्हणून सुटत नसे. ढोर ओढून नेण्याचे काम गावाने कुणाच्या माथी मारले होते, हेही एकदोन वह्यांत येते, आणि ते आलेच पाहिजे. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी त्या माळावरची गिधाडे पाहिली असतील. आजच्या मुलांनी ती चित्रातच पाहिलेली.

1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात हजारी जेमतेम एक उरली. आधी साथीचा रोग असावा असे वाटले. खरे कारण पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून 2004 साली जगापुढे आले. आपण गुडघेदुखीवर घेतो तेच डायक्लोफेनॅक गुरांनाही टोचले जात होते. टोचल्यावर गुरू लवकरच दगावले तर औषध मांसात राहते, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचून पक्षी दोन-चार दिवसांत मरतो.

शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे 130 ते 760 ढोरांमागे एक विषारी निघाले, तरी एवढ्या संहाराला पुरे. मुलांना हे पटत नाही. मग फळ्यावर गणित मांडते. समजा, एका ढोरावर पन्नास पक्षी उतरले. जोडी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू स्वतः अंडी घालू लागायला पाचेक वर्षे लागतात. हिशेब सुटतो तसतसे चेहरे उतरत जातात. शास्त्राच्या तासाला गणित केलेले वरिष्ठांना रुचत नाही, पण असो.

मग माळावरचे मांस कोण खाणार? हे मात्र मला सांगावे लागत नाही. 'कुत्री, बाई!' असा एकच गलका होतो. कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याचे भयही वाढते. मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी दखम्यात तर गिधाडांच्या जागी सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

गेल्या साली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमच्या गाईला आजोबा तेच इंजेक्शन देववीत. मग गिधाडे आजोबांनी मारली का?" मी म्हटले, "औषध दुकानात उघड मिळत होते आणि डॉक्टरांनाही त्याचा दोष ठाऊक नव्हता. आजोबांनी गाईचे दुखणे पाहिले. आज मात्र आपल्याला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत हजर! "गाय तळमळत होती. मी काय बघत बसायचे होते?" त्यांचा राग अगदी रास्त होता. मी त्यांना कागदावर मेलॉक्सिकॅम हे नाव लिहून दिले. त्यानेही दुखणे थांबते आणि गिधाडांना अपाय होत नाही. कागद त्यांनी खिशात घातला, पण माझ्याशी बोलले नाहीत.

गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 साली कुपी 3 मिलिलिटरची केली. 2023 साली कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक हीही गुरांना देण्यास बंद झाली. ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांना औषधाचे नाव जरूर विचारावे. विचारायला संकोच कसला?

यंदाची मुले येत्या सोमवारपासून तुमच्या दारी वह्या घेऊन येतील. ढोर कुठे टाकीत, पक्षी कोणत्या झाडावर बसत, कधीपासून दिसेनासे झाले, एवढे त्यांना सांगा. साल आठवत नसेल तर कुणाच्या लग्नाआधी की नंतर, एवढे पुरे. साल मुले काढतील.