डोंगर आणि चक्रीवादळाचा पाऊस

समुद्र छत्रपती संभाजीनगरपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी चक्रीवादळाचा पाऊस इथवर पोहोचतो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला, पण बाष्प उरलं होतं. पुढच्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा नदीला पूर आला.

वादळात डोंगर काय करतात? बाष्पाने भरलेला वारा उतारावर आदळला की वर चढतो, थंड होतो आणि त्यातलं बाष्प पाऊस होऊन कोसळतं. डोंगर ओलांडून खाली उतरणारा वारा मात्र तापतो, कोरडा होतो. म्हणून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत सह्याद्रीचा पश्चिम उतार चिंब होतो आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. चक्रीवादळात वारे केंद्राभोवती फिरतात. त्यामुळे पाऊस कोणत्या उतारावर वाढेल, हे वादळाच्या वाटेवर ठरतं.

हिंदी महासागरातल्या रीयुनियन या डोंगराळ बेटावर फेब्रुवारी २००७ मध्ये 'गामेड' वादळात तीन दिवसांत सुमारे ३,९३० मिलिमीटर पाऊस झाला. हा जागतिक विक्रम आहे. आपल्या शहराच्या पाच वर्षांच्या पावसाहून तो अधिक!

डोंगरातलं पाणी नाल्यांतून झपाट्याने खाली येतं, दरडीही सुटतात. ऑगस्ट २०२१ अखेरच्या मुसळधार पावसात कन्नडच्या घाटात हेच घडलं. म्हणून हवामान खात्याचा इशारा असेल, तेव्हा घाटातला प्रवास टाळा आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा.