‘सर्वांसाठी वाचनालय’ म्हणताना सर्व म्हणजे कोण?

(पिंपळगाव बसवंत येथे वाचनालयाचे कार्यकर्ते, शिक्षक व द्राक्ष बागायतदार यांच्यासमोर केलेले भाषण)



२७ फेब्रुवारी जवळ आला आहे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून आपण तो मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्यांचे प्राथमिक शिक्षण आपल्या पिंपळगावात झाले, हे तुम्हाला मी सांगायला नको. या निमित्ताने ‘सर्वांसाठी वाचनालय’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. मी साहित्याची अभ्यासक नाही. थिऑलॉजीचा डिप्लोमा केला आणि त्यानंतरची वर्षे पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या पाड्यांवर काम करण्यात गेली. म्हणून विषयातल्या एकाच शब्दाबद्दल बोलते. तो शब्द म्हणजे ‘सर्व’.

दरवर्षी द्राक्षाच्या हंगामात आपल्या गावाभोवती दुसरे एक गाव येऊन वसते. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत टोळ्या येतात. डिपिंग, थिनिंग, माल काढणे, पेट्या भरणे ही सगळी कामे त्यांच्या हातची. यांतली बरीच माणसे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल समाजाची आहेत. २०११च्या जनगणनेप्रमाणे नाशिक जिल्ह्यात साधारण दर चार माणसांत एक जण अनुसूचित जमातीचा आहे. म्हणजे ही कुठली दूरची माणसे नाहीत, आपल्याच जिल्ह्याचा चौथा हिस्सा आहेत. तरीही आपली त्यांच्याशी ओळख किती? मुकादमाचे नाव आपल्याला माहीत असते. बाकीची माणसे म्हणजे ‘पेठची टोळी, चौदा माणसे’. शेतावर, किराणा दुकानात आणि आठवडे बाजारात गाठ पडते, आणि तिथे बोलणे होते ते पैशाचे.

वाचनालय, व्याख्यानमाला, कविसंमेलन, चित्रप्रदर्शन या जागा वेगळ्या आहेत. तिथे माणूस मालक म्हणून किंवा मजूर म्हणून येत नाही, ऐकायला आणि बोलायला येतो. आपल्या जिल्ह्याला या कामाची मोठी परंपरा आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. त्यांच्या नावातच ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. दार उघडे आहे, कोणी अडवत नाही, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण सभासदाच्या अर्जावर राहण्याचा पत्ता लागतो, अनामत लागते, ओळखीचा माणूस लागतो. बागेतल्या झोपडीला कसला पत्ता? दिवसभर मांडवाखाली हात वर करून काम केलेली बाई संध्याकाळी सहाच्या व्याख्यानाला कशी येईल? आली तरी चप्पल कुठे काढायची आणि कुठल्या खुर्चीवर बसायचे, हे तिला कोण सांगेल? आपण दार उघडे ठेवतो, पण तिला हाक मारत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही आदिवासींना बोलावतो. हो, पाहुण्यांच्या स्वागताला आपण पावरी वाजवायला बोलावतो. नाच झाला की दीपप्रज्वलन होते, भाषणे सुरू होतात आणि नाचणारी मंडळी मागच्या बाजूला वडापाव खात बसतात. सभागृहांच्या भिंती वारली चित्रांनी रंगवायची तर आता पद्धतच पडली आहे. लग्नाच्या चौकासाठी घरातल्या बाया जी चित्रे काढत, ती जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती चित्रे साडीवर आहेत, कपावर आहेत, एसटी स्टँडावर आहेत. पण भिंतीवर वारली आणि आत एकही वारली नाही, अशी सभा मी कितीतरी वेळा पाहिली आहे. असे बोलावणे म्हणजे सजावट झाली. बोलावणे खरे केव्हा? ज्याला बोलावले त्याला काहीतरी सांगायचे असेल आणि आपण ते ऐकायला बसलेले असू, तेव्हा.

हे कसे जमवायचे? आपल्या जवळचीच दोन उदाहरणे देते. पहिले ‘ग्रंथ तुमच्या दारी’. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली हा उपक्रम सुरू केला. वाचक वाचनालयात येत नसेल तर पुस्तकांची पेटी वाचकाकडे न्यायची, एवढीच कल्पना. एका पेटीत शंभर पुस्तके. काही महिन्यांनी पेटी बदलायची. या पेट्या सोसायट्यांत गेल्या, कारागृहातल्या बंद्यांपर्यंत गेल्या, परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. मग आपल्या पॅकिंग शेडपर्यंत का जाऊ नयेत?

दुसरे उदाहरण भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचे. २०१०च्या सुमारास गणेश देवी यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. महाराष्ट्राच्या खंडाचे संपादन अरुण जाखडे यांनी केले. या कामाची रीत मला महत्त्वाची वाटते. ती भाषा बोलणाऱ्यांनी आणि तिच्यात राहणाऱ्यांनीच आपल्या भाषेबद्दल लिहायचे. जिला शाळेत ‘गावंढळ बोली’ म्हणून दटावले जाते, तिच्यात गाणी आहेत, नात्यांची नावे आहेत, रंगांचे आणि काळाचे शब्द आहेत, हे छापून आले. पेटी वाचकाकडे गेली आणि सर्वेक्षणाने बोलणाऱ्यालाच लिहिते केले. आपल्याला या दोन्ही गोष्टी लागतील.

माझ्या समाजाचेही एक उदाहरण देते. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेचे शिक्षण नाही, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली आणि सगळ्या महाराष्ट्राने ती आपली मानली. ख्रिस्ती माणूस म्हणजे परका, असे मानणाऱ्या घरांतही ते पुस्तक वाचले गेले. लक्ष्मीबाईंनी कोणाशी वाद घातला नाही. आपली हकीकत आपल्या बोलीत सांगितली, आणि ऐकणाऱ्यांना जाणवले की ही तर आपल्यातलीच बाई आहे.

आता आम्ही गेल्या हंगामात काय केले ते सांगते. एका शेतकरी दादांनी आपली शेड आम्हाला एका संध्याकाळपुरती दिली. दिवस आठवडे बाजाराचा निवडला, कारण त्या दिवशी काम लवकर सुटते. टोळीत एक म्हातारे बाबा होते, थाळीवर कथा सांगणारे. काशाची थाळी, तिच्यावर मेणाने उभी केलेली काडी, आणि त्या काडीवरून बोटे ओढली की निघणारा एक अखंड सूर. त्या सुरावर त्यांनी कणसरीची, म्हणजे धान्याच्या मायची कथा लावली. समोर टोळीतली माणसे होती, दादांच्या घरची होती, शेजारच्या दोन बागांतली होती. कथा कोकणा बोलीत. अडेल तिथे टोळीतली नववी शिकलेली मुलगी मराठीत सांगत होती. तासाभराने दादांच्या आई म्हणाल्या, “आमच्याकडंबी खळ्यावर रास पुजल्याबिगर माप लावत नव्हते.” मग राशीला काय वाहायचे, पहिले माप कोणाचे, यावर त्या आणि बाबा कितीतरी वेळ बोलत बसले. दोघेही शेतीतलेच, पण त्या रात्रीपर्यंत एकमेकांना जाणत नव्हते.

यातून मजुरी वाढली नाही. शौचालयाचा प्रश्न सुटला नाही. तो सोडवायलाच हवा, आणि गोष्टी ऐकून ते काम टळत नाही. पण यंदा टोळी आली तेव्हा आजींनी पहिल्याच दिवशी बाबांची नावाने चौकशी केली. दुभाषी झालेल्या मुलीची शाळा हंगामात बुडते, हे त्या घराला आता माहीत आहे, आणि तिच्या शिक्षकांशी फोनवर बोलायचे दादांनी स्वतःहून मनावर घेतले. ओळख झाली की माणसाच्या अडचणी दिसू लागतात. अनोळखी माणसाच्या अडचणींकडे आपले लक्षच जात नाही.

माझ्यासारख्या ख्रिस्ती कार्यकर्तीने हे मांडले की काहींच्या मनात शंका येते. ती मनात ठेवू नका, मोकळेपणाने विचारा. माझे उत्तर साधे आहे. वाचनालयाचा कार्यक्रम कोणत्याही धर्माचा नसतो. बाबांची कणसरी ही बाबांची आहे. तिला मी माझ्या शिकवणीत बसवायला गेले, तर मी त्यांची कथा ऐकलीच नाही असे होईल. डोंगऱ्यादेवाचा भक्त भक्त म्हणूनच बोलेल, मी ख्रिस्ती म्हणूनच ऐकेन. दोघांना एका सतरंजीवर बसता आले, तर त्या सतरंजीला सार्वजनिक म्हणता येईल.

आता तुमच्याकडे चार मागण्या आहेत.

एक, हंगामी सभासदत्व सुरू करा. पत्त्याऐवजी शेतकऱ्याची किंवा शिक्षकाची ओळख चालावी, अनामत नसावी. काही पुस्तके हरवतील. त्यांचा हिशेब आधीच धरून चाला.

दोन, तीन-चार शेडवर पुस्तकांच्या पेट्या ठेवा. त्यांत मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके असोत. पेटीची किल्ली टोळीतल्याच एखाद्या मुलीकडे द्या.

तीन, व्याख्यानमालेतले एक पुष्प पाड्यावरच्या सांगणाऱ्याला द्या. पत्रिकेत त्यांचे पूर्ण नाव छापा. जे मानधन शहरातल्या वक्त्याला, तेच त्यांना. जाण्यायेण्याची गाडी आणि जेवणही तसेच.

चार, मोबाइलवर चित्रीकरण करण्याआधी विचारा. काही कथा ठरावीक विधीच्या, ठरावीक वेळेच्या असतात. त्या मागणीनुसार सांगायच्या नसतात. ‘नाही’ म्हणाले तर मान ठेवा. ‘हो’ म्हणाले तर एक प्रत त्यांच्या गावच्या शाळेत पोहोचवा.

खर्च फार नाही. एका स्वागतकमानीच्या पैशात यातले बरेचसे होईल. अडचण वेळेची आहे. काढणी सुरू आहे. एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेक टोळ्या आपापल्या पाड्यांवर परतलेल्या असतील. म्हणून २७ तारखेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच एक ओळ वाढवा, आणि ती छापायला जाण्यापूर्वी आपल्यातल्या दोघांनी बागेत जाऊन बाबांना विचारून या. त्यांना तो दिवस सोयीचा आहे का, आणि काय सांगायला आवडेल, एवढेच विचारायचे आहे. सोबत यायला मी तयार आहे.