बालकास कोठडी नाही

वस्तीजवळ चोरी झाली की संशय प्रथम आपल्याच मुलांवर येतो. परंतु बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० अन्वये अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवताच येत नाही. २४ तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे उभे केले पाहिजे.

मात्र ही मंडळेच अपुरी होती. न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यांतील रिक्त पदे भरण्याचे आदेश दिले. मूळ याचिका २००५ सालची! एवढ्या काळात बालकाचा प्रौढ होतो.

म्हणून केवळ आदेशावर विसंबू नका. शाळेचा जन्मतारखेचा दाखला घरी जपा. वयाच्या पुराव्यात कायदा तो आधी पाहतो, हाडांची तपासणी शेवटी. प्रसंग आल्यास त्याची प्रत ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यास द्या. मूळ कागद हातचा सोडू नका.